जमिनीखाली बांध नसतो

आज एक कोडं घालतो. आधी नीट ऐका.

समजा, तुमच्या मामाच्या मळ्यात एक विहीर आहे. ४० फूट खोल, दगडानं बांधलेली, पणजोबांच्या वेळची. कितीही ऊन तापलं तरी मे महिन्यात तिच्या तळाशी पाणी असायचंच. मग एका वर्षी बांधापलीकडच्या अण्णांनी स्वतःच्या रानात बोअर घेतलं. चांगलं ३०० फूट खोल. मोटार सुरू झाली, अण्णांचं रान हिरवंगार झालं आणि पुढच्याच मार्चमध्ये मामाची विहीर कोरडी पडली. अण्णांनी मामाच्या विहिरीला हात लावलेला नाही. बांधही ओलांडलेला नाही. मग चोरी झाली का? झाली असेल तर ती कोणी केली आणि नेमकं काय चोरलं?

लगेच उत्तर देऊ नका. १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यायाधीशांपुढे जवळजवळ हाच खटला आला होता. एका माणसानं आपल्या जमिनीत कोळशाची खाण खणली आणि शेजारच्या गिरणीवाल्याची विहीर आटली. न्यायालयानं खाणवाल्याच्या बाजूनं निकाल दिला. जमीन त्याची, म्हणून खालचं पाणीही त्याचं. त्या काळी जमिनीखाली पाणी कसं चालतं हे फारसं कोणाला माहीत नव्हतं. भारतात १८८२ मध्ये झालेल्या सुविधाधिकार कायद्यातही हाच विचार आला: आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाला.

पण आज आपल्याला जमिनीखालचं बरंच कळतं. तर चला, खाली उतरून बघू.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग ज्या खडकावर उभा आहे त्याला बेसॉल्ट म्हणतात. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हा बाहेर आला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा आला आणि थरावर थर साचत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. आता गंमत बघा. हा काळा पाषाण इतका घट्ट असतो की त्याच्या पोटात पाणी शिरायला जागाच नसते. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि खडकाच्या भेगा-चिरांमध्ये. जमिनीखाली पाण्याचं मोठं तळं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर ते चित्र पुसून टाका. खाली आहे दगड, आणि दगडातल्या फटींमध्ये थोडं थोडं पाणी.

या फटी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि त्यांना सातबारा वाचता येत नाही! मामाची हद्द कुठे संपते, अण्णांची कुठे सुरू होते, हे त्यांना कसं कळणार? मोटार पाणी उपसायला लागली की बोअरच्या भोवतालची पाण्याची पातळी खाली जाते. अगदी जवळ ती खूप उतरते, लांब जावं तशी कमी. नरसाळ्यासारखा खळगा तयार होतो. मोटार जितकी जास्त चालेल तितकं हे नरसाळं रुंद आणि खोल होत जातं. त्याची कड मामाच्या विहिरीखाली पोहोचली की विहिरीचे झरे उलटे वाहू लागतात. आधी ते विहिरीकडे यायचे, आता विहिरीपासून दूर जातात. अण्णांनी बांध ओलांडला नाही, पण त्यांच्या नरसाळ्यानं ओलांडला.

खोटं वाटत असेल तर करून बघा. एक मोठा पारदर्शक डबा घ्या. प्लास्टिकच्या दोन छोट्या बाटल्यांच्या खालच्या भागाला भरपूर बारीक भोकं पाडा. भोकं पाडताना घरातल्या मोठ्यांची मदत घ्या. दोन्ही बाटल्या डब्यात थोड्या अंतरावर उभ्या करा आणि भोवती जाडसर वाळू किंवा बारीक खडी भरा. वाळूवर काडीनं बरोबर मधोमध एक रेघ मारा. तो बांध. आता डबा निम्मा भरेपर्यंत वरून पाणी ओता. दोन्ही बाटल्यांत पाणी सारख्याच उंचीवर येईल. मग हँडवॉशच्या रिकाम्या बाटलीचा पंप धुऊन घ्या, त्यानं एकाच बाटलीतलं पाणी उपसत राहा आणि दुसरीकडे लक्ष ठेवा. नंतर खडीऐवजी अगदी बारीक वाळू घेऊन हाच प्रयोग करा. काय फरक पडला? वेळ जास्त लागला ना? पण शेवटी घडलं तेच.

आता गोष्ट पुढे नेऊ. विहीर आटल्यावर मामा काय करील? हातावर हात ठेवून तर बसणार नाही. कर्ज काढून तो ४०० फुटांचं बोअर घेईल. मग अण्णा ५०० फुटांवर जातील. त्यांच्या पलीकडचे काकाही मागे राहणार नाहीत. प्रत्येकाचं म्हणणं एकच: मी नाही उपसलं तर शेजारी उपसेल. यात कोणीही दुष्ट नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येक जण आपल्या घरापुरता शहाणपणानंच वागतोय. आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज होते गावात येणारा टँकर. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६८ मध्ये एका गाजलेल्या लेखात हा पेच मांडला. त्याचं उदाहरण गायरानाचं होतं. सगळ्यांच्या मालकीच्या कुरणावर प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरणच संपतं. हार्डिनला यातून दोनच वाटा दिसत होत्या: एकतर सरकारनं ताबा घ्यावा, नाहीतर कुरणाचे तुकडे करून वाटून द्यावेत.

पण भेगांमधल्या पाण्याचे तुकडे कसे पाडणार?

इथे आपल्या गोष्टीत एलिनॉर ऑस्ट्रॉम येतात. मला त्या फार आवडतात. त्यांनी टेबलाशी बसून नुसता विचार केला नाही, लोकांमध्ये जाऊन त्यांचे व्यवहार पाहिले. १९६५ मध्ये त्यांनी पीएचडीचा प्रबंध लिहिला तो विहिरींवरच! अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ लोकांनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं होतं की रिकाम्या झालेल्या जागेत समुद्राचं खारं पाणी शिरायला लागलं. तिथल्या पाणी वापरणाऱ्यांनी एकत्र बसून, मोजमाप करून, न्यायालयाची मदत घेऊन उपसा कमी करायचं ठरवलं. सगळे भांडत बसले असते तर सगळ्यांच्याच विहिरी खारट झाल्या असत्या. पुढे ऑस्ट्रॉमनी जगभरातली मासेमारी, जंगलं आणि पाटपाणी सांभाळणारी माणसं अभ्यासली. शिवाय विद्यापीठात खेळ मांडले. माणसांना टोकन द्यायची आणि सामाईक साठ्यातून किती काढायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्यायचं. खेळणारे एकमेकांशी बोलू शकत नव्हते तेव्हा साठ्याचं नुकसान व्हायचं. बोलायला मिळालं की सगळ्यांचीच कमाई वाढायची. आणि नियम मोडणाऱ्याला काय दंड करायचा हे ज्यांनी आपणहून ठरवलं, ते सर्वांत पुढे गेले. २००९ मध्ये ऑस्ट्रॉमना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

आंध्र प्रदेशातल्या काही गावांमध्ये अभ्यासकांनी शेतकऱ्यांबरोबर भूजलाचा असाच खेळ खेळून पाहिला. तुम्हीही खेळू शकता. चौघं जमा, वाडग्यात ३० चिंचोके टाका. ही झाली गावाची भूजलाची शिल्लक. प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष. प्रत्येकानं ० ते ८ यांतला एक आकडा गुपचूप कागदावर लिहायचा आणि मग सगळ्यांनी तेवढे चिंचोके घ्यायचे. चिंचोके पुरले नाहीत किंवा वाडग्यात ८ पेक्षा कमी उरले तर गावात टँकर आला! पिण्याचंच पाणी संपलं, म्हणून त्या फेरीत घेतलेले सगळ्यांचेच चिंचोके बाद. मग पावसाळा. फासा टाका, जो आकडा येईल त्याच्या चौपट चिंचोके वाडग्यात घाला, पण ३० च्या वर नाही. पहिल्या पाच फेऱ्या अजिबात न बोलता खेळा. पुढच्या पाच फेऱ्यांमध्ये आकडा लिहिण्याआधी भरपूर बोला, भांडा, नियम करा. शेवटी कोणाकडे किती चिंचोके जमले ते मोजा. फाशावर एक पडला त्या वर्षी तुम्ही काय ठरवलंत आणि सहा पडला तेव्हा काय, तेही लिहून ठेवा.

हा खेळ जे गाव खरोखर खेळतं, त्याचं नाव हिवरे बाजार. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव पर्जन्यछायेत आहे. सह्याद्रीनं ढग अडवल्यावर उरलेला पाऊस त्याच्या वाट्याला येतो, वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खंगत गेलं. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसं कामासाठी बाहेर निघून गेली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. मग लोकांनी श्रमदानानं डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली. हे सगळं आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तर घराघरांत बातमी पोहोचली.

मला मात्र सांगायचंय ते चरांनंतरचं. पाणी अडवणाऱ्या गावांची महाराष्ट्रात कमतरता नाही. अडवलेलं पाणी मुरतं, विहिरी भरतात, आणि भरलेली विहीर बघून लोक दुप्पट उपसा करतात. चार वर्षांत पुन्हा टँकर. हिवरे बाजारनं पाणी साठवलं तसं वापरालाही माप लावलं. तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती मिलिमीटर पाऊस पडला, त्यातलं किती मुरलं, माणसांना पिण्यासाठी किती लागेल, जनावरांना किती, आणि त्यानंतर शेतीला काय उरतं, असा हिशेब ग्रामसभेत होतो. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीला जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, उघड्या विहिरीच वापरायच्या. ऊस आणि केळी लावायची नाहीत.

ही वाक्यं सोपी वाटतात, पण त्यांचा अर्थ बघा. शेत माझं, कष्ट माझे, आणि तरी मी ऊस लावायचा नाही? माझ्या स्वातंत्र्याचं काय? प्रश्न अगदी रास्त आहे. मग आपण गणित मांडू.

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे सूत्र पाठ करा, आयुष्यभर कामाला येईल. हिवरे बाजारचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला तर गावावर जवळजवळ एक कोटी लिटर पाणी येतं! ऐकायला प्रचंड वाटतं. पण त्यातलं बरंच उन्हानं उडून जातं, काही वाहून जातं, काही झाडं-झुडपं पिऊन टाकतात. खाली मुरतो तो थोडाच भाग. आता उसाकडे वळू. आपल्याकडे पाटानं भिजवलेल्या उसाला मोठं होईपर्यंत साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे वर्षभरात मुंबईत पडणाऱ्या पावसाइतकं! एक एकर म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटर, तेव्हा एका एकराला ८० लाख लिटर. आपल्या देशात खेड्यातल्या घरांना नळानं पाणी देताना माणशी रोज ५५ लिटर धरतात, म्हणजे वर्षाला साधारण २० हजार लिटर. भागाकार तुम्हीच करा. एका एकर उसाचं पाणी म्हणजे ४०० माणसांचं वर्षभराचं पाणी.

पण म्हणून ऊस लावणाऱ्याला वाईट ठरवू नका. त्याला मुलांची फी भरायची असते, उसाला हमखास गिऱ्हाईक असतं, आणि ठिबक लावलं तर पाणी बरंच वाचतंही. पण जिथे पाऊसच ४०० मिलिमीटर, तिथे एकाच्या एका एकरासाठी पाणी शेजाऱ्यांच्या भेगांमधूनच येणार. शेत माझं असलं तरी त्याच्याखालचं नरसाळं माझ्या एकट्याचं नाही. मी कोणतं गाणं ऐकतो, कोणाशी मैत्री करतो, घराला कोणता रंग देतो, यानं कोणाच्या विहिरीची पातळी एक इंचही हलत नाही. तिथे गावानं नाक खुपसू नये. ज्या गोष्टीचा परिणाम बांधाखालून पलीकडे जातो, तिथे मात्र पलीकडच्यालाही बोलायचा हक्क आहे. मला ही रेघ फार महत्त्वाची वाटते. मोठी माणसंही ती बऱ्याचदा चुकीच्या जागी मारतात.

अशी रेघ शोधणारं हिवरे बाजार हे काही पहिलंच गाव नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा कोणत्या फडाला किती पाणी द्यायचं हे गावकरी ठरवायचे आणि पाटकरी ते पाणी फिरवायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळ्यांनीच थोडी थोडी झळ सोसायची.

आणि विलासराव साळुंखे! ते पुण्याचे इंजिनिअर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातले हाल पाहून ते नायगावला गेले आणि तिथे पाणी पंचायतीचं काम उभं राहिलं. तिचा एक नियम ऐकून मी थक्क झालो होतो. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं. घरात माणसं किती ते बघा. माणशी अर्ध्या एकराला पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. ज्याची जमीन ५० एकर आहे त्यालाही तेवढंच. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस तिथेही नाही. मोठ्या जमीनवाल्याला हा नियम जाचक वाटला असेल. पण भूमिहीन माणसाला पहिल्यांदाच पाण्यात हक्क मिळाला, म्हणजे त्याचं स्वातंत्र्य वाढलं. कोणाचं किती कमी झालं एवढंच मोजून भागत नाही, कोणाचं किती वाढलं तेही मोजावं लागतं.

आता एक गंभीर गोष्ट. गावानं मिळून केलेला नियम चांगलाच असतो असं तुम्हाला वाटू लागलं असेल, तर थांबा. महाडचं चवदार तळं ठाऊक आहे ना? ते सार्वजनिक तळं होतं, १९२४ मध्ये नगरपालिकेनं ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठरावही केला होता. तरीही गावाच्या रूढीप्रमाणे दलितांना तिथलं पाणी घेऊ दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्यायले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, न्यायालयात खटला चालला, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं दिला. ती रूढीही बहुसंख्य लोकांनीच पाळलेली होती. पण तिनं पाणी वाचत नव्हतं, ती फक्त माणसांना दूर ठेवत होती. आणि ज्यांच्यावर ती लादली होती त्यांना ती करताना कोणी विचारलंही नव्हतं.

म्हणून कोणताही नियम समोर आला की मी चौकशी करतो, तुम्हीही करा. तो कोणी केला? ज्यांना त्याचा त्रास होणार ते बैठकीत होते का, आणि त्यांना बोलू दिलं का? सरपंचाच्या रानाला आणि विधवा आजीच्या रानाला तो सारखाच लागू आहे का? तो कोणत्या मोजमापावर उभा आहे? पाऊस बदलला तर तो बदलतो का? हिवरे बाजारचा पाण्याचा नियम दरवर्षीचा पाऊस बघून नव्यानं ठरतो, हे मला त्यातलं सर्वांत शास्त्रीय वाटतं. आपल्या राज्यात १९९३ मध्ये कायदाही आला: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला त्यानं मनाई केली. पण कायदा पाळला जातोय का हे रोज बघायला सरकार प्रत्येक बांधावर उभं राहू शकत नाही. ते गावातली माणसंच बघू शकतात, आणि आपण बसून ठरवलेला नियम असेल तर बघतातही.

तेव्हा मामा आणि अण्णांच्या कोड्याचं माझं उत्तर असं: अण्णा चोर नाहीत. पण खालचं पाणी एकट्या अण्णांचं नव्हतं, एकट्या मामाचंही नव्हतं. दोघांनी बोअरच्या गाडीला फोन करण्याआधी एकमेकांना भेटायला हवं होतं.

आता तुमच्यासाठी एक काम. शहरात राहणाऱ्यांनीही ते करायचं, कारण तुमच्या सोसायटीचं बोअर आणि शेजारच्या सोसायटीचं बोअर यांच्या मध्येही खाली भिंत नाही. भारत जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आहे, आणि त्या उपशाची नोंद ठेवणारी माणसं फार थोडी आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी मोजते, पण तुमच्या गल्लीतली विहीर त्यांत असेलच असं नाही. ती तुम्ही मोजा. दोरीला दगड बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा, आणि घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच विहिरीवर जा. कठड्यावर कधीही वाकू नका. पाणी कठड्यापासून किती खाली आहे ते दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवा आणि मे महिन्यात पुन्हा मोजा. सोसायटीतल्या मुलांनी बोअरची मोटार रोज किती तास चालते ते वॉचमनकाकांना विचारून लिहावं. पुढच्या ग्रामसभेच्या किंवा सोसायटीच्या बैठकीच्या आधी ती वही सरपंचांना किंवा सेक्रेटरींना दाखवा आणि विचारा, यंदाचा आपला पाण्याचा हिशेब कुठे लिहिलाय?